फ्रेंच क्लीटची भिंत, चिऱ्याचं घर आणि गोव्याचा पाऊस: वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर घरच्या सुतारकामाच्या खोलीत फ्रेंच क्लीटची, म्हणजे तिरक्या पट्ट्यांवर हत्यारांची खोकी अडकवायची भिंत बसवली. थंडी, उन्हाळा, अख्खा पावसाळा आणि चवथीची (गणेशचतुर्थीची) धांदल असं सगळं तिच्यावरून जाऊन आलंय, तेव्हा आता बोलायला हरकत नाही. निकाल आधीच सांगून टाकतो. वेळ वाचतो, चांगलाच वाचतो. पण सुतारकामाच्या व्हिडिओत दाखवतात तशी ‘सगळी हत्यारं भिंतीवर’ ही पद्धत गोव्यात जून ते सप्टेंबर चालत नाही. ते व्हिडिओ करणाऱ्यांच्या गॅरेजात हवा कोरडी असते. आपल्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत कोसळतो.

माझी खोली म्हणजे माशेलच्या घरामागचा जुना गोठा. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर मंगळुरी कौलं, एक खिडकी. नोकरी पणजीला, त्यामुळे रंधा हातात येतो तो संध्याकाळी तास-दोन तास आणि रविवारी. कामंही घरगुतीच: पाट, चौरंग, पुस्तकांची मांडणी, शेजारच्या जुन्या खिडकीचं झडप. पोटापाण्याचा धंदा नाही. म्हणूनच वेळेचा हिशोब जास्त टोचतो. दोन तासांतला अर्धा तास काटकोन बघायचा गुण्या कुठे आणि सहाचा ड्रिल बिट कुठे यात गेला, तर उरतं काय?

ज्यांना क्लीट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८ मिमी प्लायची पट्टी लांबीत ४५ अंशांत चिरायची. एक अर्धी भिंतीवर आडवी स्क्रूने बसवायची, तिरकी बाजू भिंतीकडे उतरती ठेवून, म्हणजे पट्टी आणि भिंत यांच्यात खाच तयार होते. दुसरी अर्धी हत्यार ठेवायच्या खोक्याच्या पाठीला. खोकं वरून अडकवलं की स्वतःच्याच वजनाने आत ओढलं जातं. खिळा नाही, कडी नाही. उद्या जागा बदलावीशी वाटली तर उचलायचं आणि दुसरीकडे अडकवायचं. टेबल सॉ नसेल तरी अडत नाही. सर्क्युलर सॉची प्लेट ४५ अंशांवर वाकवून, सरळ फळीच्या आधाराने सगळ्या पट्ट्या मी अंगणात चिरल्या. एक गोष्ट मात्र टाळू नका: चिरल्यावर जी सुरीसारखी धार निघते, तिचं टोक रंध्याने दोन-तीन मिमी उडवा. नाहीतर प्लायचे थर तिथेच सुटतात, आणि खाचेत भुसा बसला की खोकं नीट टेकत नाही, डुलतं.

आता चिऱ्याची भिंत. यावर कुठेच कुणी बोलत नाही, आणि गोव्यातल्या बऱ्याच लोकांची अडचण तीच. चिरा मऊ आणि भोकाभोकांचा. ड्रिल मशीन हॅमरवर टाकून भोक पाडलं की ते आतून फुटून रुंद होतं आणि नेहमीचा प्लास्टिकचा गुल्ला स्क्रूबरोबर गोल फिरत बसतो. हॅमर बंद ठेवून, साध्या फिरकीवर, सावकाश पाडलेलं भोक गोल राहतं. त्यात १०० मिमीचे लांब फ्रेम फिक्सिंग (लांब गुल्ला आणि स्क्रूची जोडी) वापरले. तेही क्लीटसाठी नाहीत. आधी भिंतीवर सागवानाच्या दोन बाय एक इंची उभ्या रिपा मारल्या आणि क्लीटच्या पट्ट्या त्या रिपांवर साध्या स्क्रूने बसवल्या. याचे दोन फायदे. वजन मोजक्या पण पक्क्या ठिकाणी जातं, आणि पट्ट्यांच्या मागे इंचभर हवा खेळती राहते. पावसाळ्यात चिरा पाणी पितो. हात लावला तरी थंड लागतो. प्लाय थेट त्याला टेकवलं असतं तर ऑगस्टपर्यंत मागून काळं पडलं असतं. पश्चिमेची भिंत तर मी सोडूनच दिली. पावसाचा मारा तिकडून येतो. क्लीट आहेत त्या घराकडच्या, आतल्या भिंतीवर.

प्लाय आयएस ७१० चं, म्हणजे ओलाव्यात टिकणाऱ्या मरीन ग्रेडचं घेतलं. फोंड्याच्या दुकानदाराने “भिंतीवरच्या पट्ट्यांना कशाला एवढं महाग?” म्हणून साधं दाखवलं होतं. एका खोक्याच्या पाठीला घरात पडलेलं साधं कमर्शियल प्लाय वापरलंय. त्याच्या कडा जुलैत फुगल्या आणि ते खोकं आता हाताने ठोकल्याशिवाय निघत नाही. मरीनच्या पट्ट्या जशाच्या तशा आहेत.

रोजच्या वापरात काय फरक पडला? पहिले काही महिने भिंत सारखी बदलत होतो, आणि खरी मजा त्यातच आहे. सुरुवातीला रंधे एका रांगेत, पटाशा दुसऱ्या, करवती तिसऱ्या, असं दुकानातल्यासारखं लावलं होतं. दिसायला झकास. पण काम करताना कळतं की हत्यारं जातीने नाही, जोडीने लागतात. गुण्या, मार्किंग गेज, पेन्सिल, टेप आणि आखणीची सुरी एकत्रच लागतात. आता ती एकाच छोट्या खोक्यात आहेत, आणि बाकावर आखणी चालू असली की ते खोकंच भिंतीवरून उचलून बाकावर येतं. काम संपलं की तसंच परत. ड्रिल मशीनच्या खोक्यात बिट, काउंटरसिंक आणि चालू कामाचे स्क्रू. आकडे अडकवलेल्या भोकाभोकांच्या बोर्डवर (पेगबोर्डवर) हे जमत नाही. तिथे एकेक वस्तू उतरवावी आणि चढवावी लागते, आणि चढवायचा कंटाळा आला की पसारा सुरू.

लाकूड दाबून धरायच्या क्लॅम्पसाठी मात्र क्लीट वापरू नका. वजनदार एफ क्लॅम्पची रांग क्लीटवर टांगून पाहिली. पट्टीने धरलं, पण एक काढताना शेजारचे दोन डुलतात. ते आता दाराच्या बाजूला, थेट रिपेत मारलेल्या लाकडी दातऱ्यावर आहेत.

आणि मग जून उजाडला.

पहिल्या आठवड्यातच रंध्यांच्या तळांवर तांबूस ठिपके दिसायला लागले. आमच्या वाड्यावरचे एक जुने मेस्त (सुतार) अधूनमधून चहाला येतात. भिंत बघून खूश झाले, क्लीट दोनदा काढून-घालून पाहिली, आणि मग पटाश्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “पावसांत हत्यारां अशीं उक्तीं दवरिनात.” म्हणजे, पावसात हत्यारं अशी उघडी ठेवत नाहीत. त्यांची स्वतःची हत्यारं तेलाच्या फडक्यात गुंडाळून लाकडी पेटीत असतात. काम लागलं की पेटी उघडायची, संपलं की बंद. दिसायला मागासलेलं वाटतं, पण त्यामागचं कारण पक्कं आहे. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाचं गंजणं वेगाने वाढतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती बहुतेक वेळ ८०-९० च्या आसपास असते. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना वर खारी हवा आहेच.

म्हणून भिंतीच्या खालच्या अंगाला एक बंद कपाट केलं. हेही क्लीटवरच टांगलेलं, त्यामुळे जमिनीपासून उचललेलं. आत जुना पिवळा झिरोचा बल्ब. एलईडी नको, त्याची उष्णता पुरत नाही. हिशोब साधा आहे. २७ अंशांना ९० टक्के आर्द्रतेची हवा ३२ अंशांपर्यंत तापवली, तर पाण्याचा एक थेंबही बाहेर न काढता तिची आर्द्रता ६७-६८ टक्क्यांवर येते, कारण गरम हवेची पाणी धरायची क्षमता जास्त. कपाट लहान आणि दार घट्ट असेल तर एवढ्या बल्बवर भागतं. १५ वॅटचा बल्ब चोवीस तास चालला तरी महिन्याला ११ युनिटच्या आत. आत स्वस्तातला आर्द्रतामापक चिकटवलाय. जुलैत बाहेर ९० दाखवत होता तेव्हा आत सत्तरच्या आसपास होता. साठच्या खाली तो आला नाही, म्हणून रंध्यांच्या तळांवर आणि पटाश्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा हात आठवड्यातून एकदा फिरवावाच लागला. एवढं केल्यावर नवे डाग पडले नाहीत. बल्बभोवती जाळी लावा आणि तेलाची, विशेषतः जवसाच्या तेलाची फडकी त्या कपाटात चुकूनही ठेवू नका. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून ठेवलं तर आपलं आपण तापून पेट घेऊ शकतं. ती उघड्यावर पसरून वाळवायची.

मग पावसाळ्यात भिंतीवर काय राहतं? लाकडी मुठीच्या हातोड्या, मॅलेट, टेप, प्लास्टिकच्या अंगाची मशीनं, बॅटऱ्या आणि चार्जर, फेविकॉल, पॉलिश पेपर. पॉलिश पेपर तेवढा झाकणाच्या डब्यात, नाहीतर मऊ पडतो. हातोड्या सोडल्या तर धारेचं आणि उघड्या लोखंडाचं सगळं कपाटात. म्हणजे चार महिने अर्धी भिंत ओकीबोकी. फोटोत ती चांगली दिसत नाही हे मान्य.

पटाश्यांसाठी लोक लोहचुंबकाची पट्टी सुचवतात. मी काढून टाकली. पटाशी चुंबकाला सपाट चिकटते आणि नेमका त्याच दोन सपाट पृष्ठांमध्ये ओलावा अडकतो. शिवाय पटाशीत चुंबकत्व उतरलं की धार लावताना लोखंडाचा चुरा धारेलाच चिकटून राहतो. राऊटर बिटसाठी लाकडात भोकं पाडून ठोकळा करतात, तोही इथे जपून. बिटच्या कार्बाइडच्या धारेला गंज लागत नाही, पण दांडा लोखंडाचा. घट्ट भोकात तो ओल्या लाकडाबरोबर आवळतो. भोक अर्धा मिमी सैल पाडा आणि आत मेण घासा. लेबलांचं म्हणाल तर छापील स्टिकर ऑगस्टपर्यंत झाडाच्या पानांसारखे गळले. ऑइल पेंटच्या मार्करने थेट लाकडावर लिहिलेलंच टिकलं.

चवथीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे या सगळ्याची परीक्षा. एकाच वेळी घरच्या माटोळीची (गणपतीच्या वर फळं टांगतात ती) चौकट, मामांकडचा चौरंग आणि शेजाऱ्यांच्या मखराची दुरुस्ती. माटोळीची चौकट फणसाच्या पट्ट्यांची, सांधे एकमेकांत अर्धे कापून बसवलेले. तिच्यावर नारळ, केळीचे घड, सुपारीचे घोस टांगायचे, म्हणजे सांधा ढिला चालत नाही. आणि हे सगळं रात्री जेवणानंतर, मधूनच वीज जाते अशा अवस्थेत.

इथे लक्षात आलं की माझा जास्त वेळ हत्यार शोधण्यात जातच नव्हता. तो जात होता ‘गेल्या वेळी कुठवर आलो होतो’ हे आठवण्यात. रोज काम करणाऱ्या मेस्ताला हा प्रश्न पडत नाही, आपल्यासारख्या रविवारच्या सुतारांच्या मात्र तो पाचवीला पुजलेला. उपाय क्लीटनेच दिला, पण व्हिडिओत दाखवतात तसा नाही. प्रत्येक कामाला एक उथळ ट्रे, पाठीला क्लीट. त्यात त्या कामाचे स्क्रू, बिजागऱ्या, मापांचा कागद, कापून ठेवलेले छोटे तुकडे. उठताना ट्रेच्या कडेवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवायचा आणि पुढची पायरी पेन्सिलीने लिहायची. ‘उजवा पाय २ मिमी जास्त, रंधा मार, मग फेविकॉल’ एवढंच. दुसऱ्या दिवशी दिवा लावला की टेप वाचायची आणि सुरू. अख्ख्या भिंतीपेक्षा या तीन ट्रेंनी मला जास्त वेळ दिला, आणि त्यासाठी भिंत लागतेच असंही नाही. साध्या फळीवरही ठेवता येतात.

मखराला लाखेचं पॉलिश मारायचं होतं, ते मात्र कोणत्याही शिस्तीने साधत नाही. दमट हवेत ते वाळताना पांढरं धुरकट पडतं. ऊन पडलेली दुपार मिळेपर्यंत थांबायचं, नाहीतर चवथीनंतर. शेजारीण म्हणाल्या, “बाप्पा काय पॉलिश बघायला येतात?” प्रश्न मिटला.

उरलेले तुकडे हे प्रत्येक खोलीचं दुखणं. वीतभराहून लहान भरीव लाकूड न्हाणीच्या चुलीला. प्लाय आणि एमडीएफ जाळायचं नाही, त्यातल्या रेझिनचा धूर वाईट. मोठे तुकडे क्लीटवरच्या उभ्या खोक्यात. खोकं भरलं की नवा तुकडा आत घालायच्या आधी एक बाहेर. जमिनीवर काहीही नाही, कारण मातीच्या जमिनीशी लागून असलेल्या खोलीत लाकूड टेकवून ठेवणं म्हणजे वाळवीला पान वाढणं. क्लीटचा न बोलला जाणारा फायदा हाच: खालून झाडू सरळ फिरतो आणि भिंतीवर वाळवीची मातीची नळी चढायला लागली तर त्याच दिवशी दिसते.

खर्चाचं म्हणाल तर मरीन प्लायचे दोन शीट आणि रिपांचं सागवान हेच मोठे आकडे. स्क्रू आणि फिक्सिंगचं फारसं काही नाही. सगळं एकदम करू नका. आधी फक्त दोन आडव्या पट्ट्या, आखणीचं खोकं आणि एक ट्रे, एवढ्यावर महिनाभर काम करा. काय हाताशी लागतं ते आपोआप कळेल आणि बाकीचं प्लाय वाया जाणार नाही. भाड्याच्या घरात भोकं पाडता येत नसतील तर दोन उभे खांब आणि मागे तिरका आधार देऊन क्लीटची सुटी चौकट करता येते. पर्वरीला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मित्राने बाल्कनीत तशी केलीय. फक्त खालच्या आडव्या लाकडावर वजन ठेवावं लागतं, त्याने त्यासाठी तिथे दोन चिरेच ठेवलेत.