ल्योंला गेलात तर आधी विणकरांच्या खाणावळीत जेवा

थोरला मुलगा फ्रान्समध्ये ल्योंला शिकतो, म्हणून मी आणि सौ. आठ दिवस तिकडे राहून आलो. सोलापुरात पूर्व भागात आमचा चादरींचा कारखाना आहे, जेकार्डवर चालतो. हे जेकार्ड ज्याच्या नावाचं, तो जोसेफ मारी जाकार ल्योंचाच. १८०४ मध्ये पुठ्ठ्याच्या कार्डांवर नक्षी विणणारा माग त्यानं तयार केला. तिथल्या रेशीम विणकरांना 'कानू' म्हणतात आणि त्यांच्या पद्धतीचं जेवण देणाऱ्या छोट्या खाणावळींना 'बुशों'. आपल्याकडचं कुणी तिकडे जाणार असेल, तर मोठी हॉटेलं सोडा आणि आधी बुशोंत जा.

मला सगळ्यात आवडलं ते 'काफे दे फेदेरासियों'. चौकड्यांचे टेबलक्लॉथ, शेजारच्याचं कोपर लागेल इतकी दाटी. सुरुवातीचे पदार्थ मोठ्या वाडग्यांतून येतात, आपण वाढून घ्यायचं आणि वाडगा पुढे सरकवायचा. लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटलं. ही खाणावळ ज्या गल्लीत आहे तिचं नाव मेजर मार्टिन. हा म्हणजे लखनौचा क्लॉड मार्टिन! १७३५ साली ल्योंला जन्मला, लखनौत वारला, 'ला मार्टिनियर' शाळा त्याच्याच पैशातून उभी राहिली. पाटी वाचून मला फार बरं वाटलं.

तिथं 'सेर्व्हेल द कानू' नक्की मागा. शब्दशः अर्थ 'विणकराचा मेंदू', पण असतं ते ताजं पांढरं चीज, अगदी आपल्या चक्क्यासारखं. त्यात बारीक चिरलेली हिरवी पात, छोटे कांदे, लसूण, व्हिनेगर, ऑलिव्ह तेल आणि मिरी. चमचा उभा राहील इतकं घट्ट. आधी आंबट गारवा लागतो, लसूण मागाहून येतो. पावाला लावून खाताना मला कारखान्यातली दुपारची सुट्टी आठवली. डब्यात भाकरी, शेंगा चटणी आणि वर दही, तीच जात आहे ही. कानू पहाटे मागावर बसायचे आणि सकाळीच भरपेट खायचे. त्या न्याहारीला 'माशों' म्हणतात, ती अजूनही काही ठिकाणी मिळते. वाइन 'पो' नावाच्या जाड बुडाच्या बाटलीत येते, बरोबर ४६ सेंटिलिटर.

दुसरं नाव 'काफे कोंतुआर आबेल'. इथं केनेल खा. ब्रोशे हा गोड्या पाण्यातला मासा. तो वाटून, अंडी, लोणी, मैदा घालून लांबट गोळा करतात आणि भट्टीत फुगवतात. चमच्यानं फोडला की आतून वाफ येते. उजनीचा मासा खाणाऱ्या आपल्या जिभेला मीठमसाला कमी वाटेल, पण मऊपणा असा की मी पुन्हा मागवला. त्याआधी जुन्या शहरात, पर्यटकांच्या गर्दीतल्या एका ठिकाणी हाच पदार्थ खाल्ला होता. बाहेर फोटोंचं मेनूकार्ड, आत रबरासारखा गोळा, मधे गार. मी दोन घास घेऊन बाजूला ठेवला. म्हणून सांगतो, 'ले बुशों लियोने' ही मान्यतेची पाटी दारावर आहे का ते बघा.

पेराश स्टेशनजवळचं १८३६ चं 'ब्रासरी जॉर्ज' भव्य आहे, दिवाणखाना बघण्यासारखा. जेवण ठीक.

डुक्कर न खाणाऱ्यांनी फार जपायला हवं. ल्योंच्या सॅलडमध्ये, मसुरीतसुद्धा त्याचे तुकडे असतात. 'सां लार्दों' म्हणायचं, म्हणजे ते न घालता देतात. शुद्ध शाकाहारी माणसाची मात्र पंचाईत होते, सौ.चे दोन दिवस पाव, चीज आणि गुलाबी बदामाच्या टार्टवर गेले. नळाचं पाणी फुकट असतं, 'कराफ दो' मागा. दुपारचं जेवण बारा ते दोनच, आणि जागा आधी सांगून ठेवा.

क्रुआ-रूसच्या टेकडीवर कानूंच्या घराचं संग्रहालय आहे. तिथं जेकार्ड चालवून दाखवतात. मी तासभर हललो नाही.

आता घरी सौ. चक्क्यात कांद्याची पात आणि लसूण कालवते, व्हिनेगरऐवजी लिंबू पिळते, वर आपलं करडईचं तेल. कडक भाकरीबरोबर खातो. करडईच्या तेलात ते ल्योंपेक्षा चांगलं लागतं, हे माझं ठाम मत आहे.