चकचकीत पुंगळ्या, २९० डॉलर

आमच्या ऑस्टिनच्या मराठी गोतावळ्यात दोन-तीन जणांना लांब पल्ल्याच्या नेमबाजीचं वेड लागलंय. त्यातल्या एकानं परवा विचारलं, "पन्नास कॅलिबरचं सामान जुनं घेतलं तर चालतं का रे?" मी म्हटलं, "घे, पण बघून घे," आणि विषय बदलला. खरं तर मला माझा किस्सा सांगायची लाज वाटली. घरी आल्यावर त्याचीच जास्त लाज वाटली, म्हणून लिहितोय.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी, तिच्या बुडात प्रायमर (ठोका बसला की दारू पेटवणारी छोटी टोपी), पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. झाडलं की गोळी जाते, दारू जळते, प्रायमर मरतो आणि पुंगळी उरते. त्या चौघांत बहुतेकदा तीच सगळ्यात महाग, म्हणून इथले हौशी लोक ती जपून ठेवतात आणि पुन्हा भरतात. पन्नास कॅलिबर म्हणजे ०.५० बीएमजी (ब्राउनिंग मशीनगन), हे जॉन ब्राउनिंगच्या मशीनगनसाठी तयार झालेलं काडतूस, १९२१ च्या सुमारास अमेरिकी लष्करात आलं. १९८२ मध्ये टेनेसीतल्या रॉनी बॅरेटनं खांद्याला लावून झाडता येईल अशी रायफल या काडतुसासाठी बनवली. १९८५ मध्ये हौशी नेमबाजांची संघटना निघाली, न्यू मेक्सिकोतल्या रॅटनला त्यांच्या हजार यार्डांच्या स्पर्धा व्हायला लागल्या. नुसती पुंगळी ९९ मिलिमीटर लांब, वजन ५५ ग्रॅमच्या आसपास. तयार मॅच, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाचं, काडतूस घ्यायचं तर एका बाराला पाच-सात डॉलर सहज जातात. स्वतः भरायला लागल्याशिवाय हा छंद मध्यमवर्गीय माणसाला झेपत नाही.

मी २०२१ मध्ये एकबारी रायफल जुन्यात घेतली. तेव्हा बाजारात प्रायमरपासून सगळ्याचा खडखडाट होता आणि नव्या पुंगळ्यांसाठी नाव नोंदवून महिनोन्महिने थांबावं लागत होतं. अशात एक जाहिरात दिसली: लष्करी पुंगळ्या, एकदाच झाडलेल्या, शंभर नग दीडशे डॉलरला. सोबत सरावाच्या शंभर गोळ्या, त्यांचे एकशे चाळीस.

गावाबाहेर शेतीसामानाच्या दुकानासमोर भेटलो. माणूस साठीचा, बोलायला गोड, टोपीवर पलटणीचं चिन्ह. मोटारीच्या डिकीत लष्करी हिरवा डबा. झाकण उघडलं आणि मी खलास. नवऱ्यामुलीच्या रुखवतात मांडलेल्या भांड्यांसारखं पितळ झळकत होतं. वरच्या पाच-सहा पुंगळ्या उचलून बुडं पाहिली. सगळ्यांवर 'एलसी' म्हणजे मिझुरीतल्या लेक सिटी कारखान्याचा शिक्का आणि पुढे १९ हे साल. तो म्हणाला, सगळा एकच लॉट आहे, बोल्ट रायफलमधून, म्हणजे दर बाराला बोल्ट हा मागचा दांडा हातानं ओढायच्या रायफलमधून, एकदाच झाडलाय. वर त्यानं माझी मेहनतही वाचवली होती. मेलेले प्रायमर काढलेले, त्यांचे खळगे साफ केलेले, पोलादी टाचण्यांच्या पिंपात घुसळून आतबाहेर धुतलेलं, साच्यातून काढून मापात आणलेलं. "तू फक्त भर आणि झाड," म्हणाला.

बायको शेजारी उभी होती. ती मराठीत म्हणाली, "अरे, एवढं सगळं करून हा स्वस्त का देतोय?" मी तिला हळूच म्हटलं, "तुला यातलं कळत नाही."

पैसे फोनवरून, ओळखीच्या माणसाला पाठवतो त्या मार्गानं गेले. ते परत मिळवायची सोय नसते हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

आता इथे जरा थांबतो, कारण खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. आंब्याची पेटी घेताना आपण वरचा थर बघून भुलत नाही. खाली हात घालतो, देवगडचा म्हणून कर्नाटकचा गळ्यात मारलाय का ते हुंगून बघतो. मी डब्यात खाली हात घातला नाही. घरी ओतल्यावर शिक्क्यांची जत्रा निघाली: ८४, ०६, ११, १२, १५. १९ सालच्या मोजून नऊ, आणि त्या नऊही वरच होत्या. तरी मी मनाला समजावलं की साल वेगळं असलं म्हणून काय झालं, पितळ ते पितळच. (तसं नसतं. कारखाना आणि लॉट बदलला की भिंतीची जाडी बदलते, आतली जागा बदलते, तेवढ्याच दारूला दाब वेगळा येतो. हजार यार्डांवर तो फरक कागदावर दिसतो.)

दहा पुंगळ्यांत माझ्याकडच्या ७५० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) चांगल्या मॅच गोळ्या भरल्या, दहांत त्याच्या सरावाच्या. रेंजवर गेलो तर दारातच गंमत. तिथला सुरक्षा-अधिकारी प्रत्येकाच्या काडतुसांना लोहचुंबक लावून बघतो. माझ्या मॅच गोळ्यांना चुंबक ढिम्म. सरावाच्या पहिल्याच गोळीला टक्कन चिकटला, आणि त्यानं हात वर केला तसं ते शे-सव्वाशे ग्रॅमचं काडतूस चुंबकाला लोंबकळत राहिलं. मागे रांगेत आठ माणसं. "आत पोलाद आहे," तो म्हणाला, "हे इथे चालत नाही. दगडावर ठिणगी पडते आणि गवत पेटतं." मला विकताना 'नुसतं शिसं' सांगितलं होतं.

उरलेली दहा घेऊन बसलो. पहिले तीन बार ठीक. चौथ्याला आवाज नेहमीचाच, पण गालावर गरम वारा लागला आणि चष्म्याच्या काचेवर काजळीचे बारीक ठिपके आले. बोल्ट उचलेना. दोन्ही हातांनी रेटून मागे ओढला तर हातात अर्धीच पुंगळी! बुड आणि वर बोटभर पितळ, कडा फाटक्या आणि काळ्या. बाकीची नळीत अडकलेली. माझा हात थरथरत नव्हता असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंटकीतल्या एका यूट्यूबवाल्याच्या हातात पन्नास कॅलिबरची रायफल फुटली होती. तुकडा मानेत घुसला, आणि जखमेत अंगठा खुपसून दवाखाना गाठला म्हणून तो जगला. संशय जुन्या बाजारातल्या काडतुसावर होता. तो व्हिडिओ मी पाहिला होता, 'असं आपल्याला थोडंच होतं' म्हणत.

शेजारी एक निवृत्त टर्नर राहतात, चाळीस वर्षं काडतुसं भरतायत. डबा घेऊन त्यांच्या गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी एक पुंगळी उचलली, उलटी केली आणि पहिला प्रश्न विचारला, "प्रायमर कुठेयत?" मी कौतुकानं सांगितलं की विकणाऱ्यानंच काढून दिलेत. ते हसले. "म्हणजे पुरावा त्यानं काढून घेतला."

मेलेला प्रायमर जागेवर असला की पुंगळीची कुंडली वाचता येते. तो सपाट झालाय का, रायफलच्या पिनच्या ठोक्यानं पडलेल्या खड्ड्याभोवती कड उभी राहिलीय का, बाजूनं धूर गळलाय का. अंगावरचे ओरखडे, तोंडाला पडलेला पोचा, मानेवर तापवल्याचा निळसर डाग, हे सगळं तिनं काय भोगलंय ते सांगतं. माझ्या पुंगळ्यांनी जे सांगायचं होतं ते सगळं धुऊन काढलं होतं. आमच्या साताऱ्याच्या घरी आजी ताज्या कल्हईचं जुनं भांडं कधी विकत घ्यायची नाही. म्हणायची, खाली चीर असली तर कल्हईखाली दिसायची नाही, आठ दिवसांनी आमटी चुलीत जायची.

मग टर्नरकाकांनी कागदाला लावायची क्लिप सरळ केली, टोक जरासं वाकवून पुंगळीत घातलं आणि भिंतीवरून बुडाकडून वर ओढलं. "आता तू कर." बुडापासून बोटभर वर टोक खळ्ळकन एका खाचेत उतरलं. एक पुंगळी व्हाइसमध्ये घट्ट धरून करवतीनं उभी कापली. बुडाजवळ भिंत चांगली जाड, वरही ठीक, आणि मध्येच आतून एक वाटोळी चर. तिथे पितळ नखाइतकं पातळ. बाहेरून त्या जागी उजेडात धरल्यावर एक फिकट कडं दिसत होतं. एवढी घुसळून चकाकी आणली नसती तर ते मलाही दिसलं असतं.

कारण त्यांनी सांगितलं ते असं. या पुंगळ्या मशीनगनमधून आलेल्या. मशीनगनचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, मुद्दाम ऐसपैस असतं, म्हणजे धुळीत आणि तापल्यावरही ती अडत नाही. त्यात पुंगळी फुगते आणि लांबते, ती नेमकी बुडाच्या वर. मग कोणी तिला साच्यात दाबून रायफलच्या मापाला आणतं, पुढच्या बाराला ती त्याच जागी पुन्हा ताणते. माझ्या पुंगळ्या 'एकदाच' झाडलेल्या नव्हत्याच. काहींचे प्रायमरचे खळगे इतके सैल होते की नवा प्रायमर अंगठ्यानं आत गेला. लष्करी पुंगळीत प्रायमर भोवतीची कड ठोकून घट्ट बसवलेला असतो, ती कड काढताना विकणाऱ्यानं खळगा कोरून मोठा केला असणार. शंभरातल्या सदतीस अशा निघाल्या. आणि मशीनगनमधून एकदाच झाडलेलं पितळही बाजारात 'एकदाच झाडलेलं' म्हणूनच विकतात, ते खोटंही नसतं. कशातून झाडलं ते विचारायचं असतं, आणि उत्तराचा पुरावा प्रायमरसकट मागायचा असतो.

गोळ्या तराजूवर टाकल्या तर दोन टोळ्या पडल्या. काही ६६० ग्रेनच्या जवळ, म्हणजे लष्कराची साधी पोलादी गाभ्याची गोळी. बाकीच्या ६२० च्या आसपास. प्रत्येकीच्या अंगावर चिमट्यानं काडतुसातून उपसल्याचे वळ. एका हलक्या गोळीच्या टोकाला भिंगातून पाहिलं तर चंदेरी रंगाचा ठिपका राहून गेला होता. टर्नरकाकांनी ती अलगद खाली ठेवली आणि म्हणाले, करवत बाजूला ठेव. चंदेरी टोक म्हणजे चिलखत भेदून आग लावणारी गोळी, टोकात पेट घेणारं मिश्रण. इतरांचा रंग पिंपात घासून काढला होता. ऑगस्टमधलं टेक्सासचं वाळलं रान आणि त्या रेंजवर मी! काउंटीच्या शेरीफकडे फोन केला, दोघे येऊन सगळ्या गोळ्या घेऊन गेले.

विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता.

जाता जाता एक, आपल्या लोकांसाठी. इथल्या कायद्यात रिकामी पुंगळी आणि सुटी गोळीसुद्धा 'दारूगोळा' धरतात. व्हिसावर असाल तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता ते बाळगायची मनाई आहे, ग्रीन कार्ड येईपर्यंत धीर धरा. आणि आठवण म्हणून एखादी पुंगळी बॅगेत टाकून पुण्याला नेऊ नका. बॅगेत काडतूस सापडलं की विमानतळावर गुन्हा दाखल होतो, तिथे 'अहो, छंद आहे' म्हणून सुटका होत नाही.

एक पुंगळी फाटली, दोन कापलेल्या टेबलावर ठेवल्यात. उरलेल्या सत्त्याण्णव पुन्हा कोणाच्या गळ्यात पडू नयेत म्हणून एकेकीचं तोंड हातोड्यानं चेपलं, दोन संध्याकाळी लागल्या, आणि पोतं भंगारवाल्याकडे नेलं. पावणेबारा पाउंड भरलं. त्यानं एक उचलून उन्हात फिरवली, म्हणाला इतकं स्वच्छ पितळ आमच्याकडे येत नाही, आणि नेहमीच्याच भावानं साडेतेवीस डॉलर हातावर ठेवले.