अकरा महिने एकच दवाखाना: आईंच्या शुगर-बीपीच्या निमित्तानं

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी इथं रुग्णालय काढलं, तेव्हापासून गावाची ओळखच ती झाली. सीमेपलीकडून, अथणी-विजापूरकडूनही माणसं उपचाराला इथंच येतात. हृदयाचा, किडनीचा, मेंदूचा, ज्याचा म्हणाल त्याचा स्पेशालिस्ट चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण सासूबाईंचं सगळं एकत्र बघणारा एक डॉक्टर शोधायला आम्हाला तीन वर्षं लागली. आता अकरा महिने एकाच दवाखान्यात जातोय. पुढं चांगल्याबरोबर तक्रारीही येणार आहेत, म्हणून दवाखान्याचं नाव लिहीत नाही.

आई ६८ वर्षांच्या. शुगर चौदा वर्षांपासून, बीपीही जवळपास तितकंच जुनं, शिवाय गुडघे धरलेले. आधीच्या डॉक्टरांकडे दर महिन्याला जायचो. शुगर बघायची, बीपी बघायचं, "तेच चालू ठेवा" म्हणायचं, की पुढचा पेशंट आत. वर्षभर आईंना सकाळी अकराच्या सुमाराला घेरी यायची, दरदरून घाम फुटायचा. सांगितलं की उत्तर ठरलेलं: वीकनेस आहे, एक सलाईन लावू. लावल्यावर तरतरी यायची, त्यामुळं आमचाही विश्वास बसला होता. सलाईनमध्ये ग्लुकोज असेल तर बरं वाटणारच, हे आता कळतंय.

नव्या ठिकाणी दोन डॉक्टर आहेत, नवरा-बायको. मॅडम एम.डी. मेडिसिन, सर जनरल प्रॅक्टिस बघतात. पहिल्या दिवशी मॅडमनी वीस मिनिटं ऐकून घेतलं, चिठ्ठी लिहिलीच नाही. म्हणाल्या, "काकू, उद्या घरातली असतील नसतील तेवढी सगळी औषधं पिशवीत घालून आणा. डब्यातली, उशाखालची, देव्हाऱ्याजवळची, सगळी."

दुसऱ्या दिवशी ती कापडी पिशवी त्यांनी टेबलावर रिकामी केली. अकरा पाकिटं निघाली. एकेक उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचत त्या पाकिटांच्या जोड्या लावत होत्या, पत्ते लावावेत तशा. मग दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवून माझ्याकडे सरकवली. नाव वेगळं, रंग वेगळा, कंपनी वेगळी. मागं दोन्हींवर तेच: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. एक नेहमीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतली, दुसरी वर्षापूर्वी डेंग्यूसाठी ॲडमिट होत्या तिथल्या डिस्चार्ज कार्डावरची. शुगर उतरवणारी एकच गोळी आई रोज दुप्पट घेत होत्या. आणि दोन्ही कागद दर महिन्याला मेडिकलमध्ये नेऊन देणारी मीच. सव्वाअकरा वाजले होते. मॅडमनी तिथंच बोट टोचून शुगर बघितली: ६१. सत्तरच्या खाली गेली की कमी धरतात. वर्षभराचा वीकनेस तो हा होता.

तिथं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी आधी आईंना साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी परत टोचून बघितलं आणि मग माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, चूक तुमची नाही, गोळ्या दर वेळी मोजून बघणं हे डॉक्टरचं काम आहे.

त्याच ढिगात आणखी एक गोष्ट सापडली. आईंच्या घोट्यांवर सूज असायची, त्यासाठी लघवीची, म्हणजे लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी, गोळी चालू होती. मॅडम म्हणाल्या, सूज बीपीच्या ॲम्लोडिपिनमुळं असू शकते, काही जणांना येते. म्हणजे एका गोळीचा त्रास निस्तरायला दुसरी गोळी. पण त्यांनी सगळं एका दिवसात बंद केलं नाही. शुगरची दुसरी गोळी त्याच दिवशी बंद, बाकीचं तीन महिन्यांत एकेक करून, दर वेळी मोजून. अकरावरून सहावर आलो. ॲम्लोडिपिन कमी केल्यावर सूज उतरली, मग लघवीची गोळीही गेली. तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c, ही टक्क्यांत मोजतात) आधी ८.२ होती, ती आता ७.५ आहे. गोळी कमी झाली तरी साखर सुधारली कशी, तर घेरीच्या भीतीनं आई दर दोन तासांनी बिस्किटं खायच्या, ती थांबली. मॅडम साडेसहाच्या मागं लागल्या नाहीत. या वयात शुगर खाली जाऊन पडण्याचा धोका जास्त, साडेसात पुरे, असं त्यांनी आईंनाच समजावून सांगितलं.

म्हणून मला आता कुणी विचारलं की डॉक्टर चांगला कसा ओळखायचा, तर मी आधी विचारते, त्यांनी तुमची एखादी गोळी कधी बंद केलीय का? वाढवणारे सगळेच असतात. गुण येतो का, हाताला यश आहे का, हे आपण विचारतोच. पण शुगर-बीपी काही आठवड्यात बरं होणारं दुखणं नाही. तिथं वर्षभर कुणी तुमचा हिशेब ठेवतंय का, ते बघावं लागतं.

बीपी बघायची पद्धतही इथं वेगळी. आधीच्या ठिकाणी आत गेलं की उभ्या-उभ्या, ब्लाऊजच्या बाहीवरूनच पट्टा बांधायचे. इथं पाच मिनिटं गप्प बसवतात, पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून, हात टेबलावर. घेरीची तक्रार होती म्हणून उभं करूनही बघितलं. आईंचं बीपी तिकडं १६० च्या खाली येत नव्हतं, इथं पहिल्याच वेळी १४४ आलं.

पायांची गोष्ट सविस्तर सांगते, कारण जुन्या शुगरनं तळवे बधिर होऊ शकतात, तरी चौदा वर्षांत कुणी आईंना चपला काढायला सांगितलं नव्हतं. मॅडमनी त्यांना टेबलावर झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि पेनासारख्या दांड्याला लावलेला नायलॉनचा जाड दोरा तळव्याला एकेका जागी टेकवला. दोरा वाकला की थांबायच्या. "लागलं की हो म्हणा, काकू." आई हो, हो म्हणत होत्या. उजव्या अंगठ्याखाली दोरा वाकला, आई गप्प. टाचेच्या बाजूला परत गप्प. दोरा लागतोय हे मला दिसत होतं, त्यांना कळत नव्हतं. मग त्यांनीच आठवून सांगितलं की चैत्रात देवळाला प्रदक्षिणा घालताना तळव्याला फोड आला होता, तो घरी आल्यावर कळला. तेव्हापासून रोज रात्री मी त्यांचे तळवे टॉर्च लावून बघते, आणि देवळात जायचं ते फरशी तापायच्या आत. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रोटीन वर्षातून एकदा, हेही मॅडमनी फाईलच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहून ठेवलंय.

चिठ्ठी ठसठशीत मोठ्या अक्षरांत, औषधाच्या मूळ नावानं. असं लिहावं हा नियम २०१६ पासून आहे, पण तो पाळणारी चिठ्ठी मी इथंच पहिल्यांदा बघितली. मूळ नाव असल्यानं त्यातल्या तीन गोळ्या जनऔषधी दुकानात मिळतात, बिल निम्म्याहून खाली आलंय. फी ३०० रुपये, आठवड्याच्या आत परत गेलं तर घेत नाहीत.

माझ्या मुलाला सर्दी-ताप झाला तेव्हा सरांकडे गेलो. मी स्वतःच अँटिबायोटिक मागितलं, परीक्षा तोंडावर होती. सरांनी छाती, कान, घसा नीट बघून नाही म्हटलं. व्हायरल आहे, त्याला लागू पडणार नाही. पण नुसतं नाही म्हणून घरी पाठवलं नाही. ताप तीन दिवसांत उतरला नाही, श्वास भरभर चालला, पाणी प्यायचं बंद केलं, यातलं काहीही झालं तर रात्री फोन करा, असं कागदावर लिहून दिलं. चौथ्या दिवशी पोरगं शाळेत गेलं. फोन करायची वेळ आली नाही, पण तो कागद उशाशी होता म्हणून मी झोपू शकले.

आता तक्रारी. पहिली गंभीर आहे. ॲम्लोडिपिन कमी करताना बीपीची दुसरी गोळी, टेल्मिसार्टन, ४० वरून ८० केली होती आणि दहा दिवसांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम तपासायला सांगितलं होतं. आम्ही तपासलं. लॅबनं रिपोर्ट दवाखान्याच्या मोबाईलवर पाठवला आणि तो तिथं चार दिवस कुणी उघडलाच नाही. पोटॅशियम ५.७ होतं, म्हणजे वाढलेलं. फार वाढलं तर हृदयाच्या ठोक्यांवर येतं. पाचव्या दिवशी सकाळी मॅडमचा स्वतःचा फोन आला. "रिपोर्ट आमच्याकडून राहिला, चूक आमची आहे," हे पहिलं वाक्य. दुसरं वाक्य, "घरात मीठ कुठलं वापरता?" शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून आम्ही बीपीसाठी कमी सोडियमचं मीठ आणलं होतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टनही पोटॅशियम वाढवते. वर रोज शहाळ्याचं पाणी. त्या दिवशीच ईसीजी काढला, तो ठीक निघाला. मीठ आणि शहाळं बंद, गोळी परत ४० वर, आठवड्यानं पोटॅशियम ४.८.

मला त्या चार दिवसांचा राग आहे, आणि तो मी तोंडावर बोलून दाखवला. त्यांनी ऐकून घेतला. पुढच्या खेपेला कंपाउंडरमामांच्या टेबलावर एक वही दिसली: कुणाची कुठली तपासणी सांगितली, रिपोर्ट आला का, डॉक्टरनी बघितला का, सही. आमचं पान मी उघडून बघितलं. हा दवाखाना सोडायचा विचार त्या वहीमुळं थांबला. तरीही आता मी रिपोर्टची एक प्रत माझ्या मोबाईलवर मागवते आणि दोन दिवसांत फोन आला नाही तर स्वतः करते. तुम्हीही करा, डॉक्टर कितीही चांगले असले तरी.

दुसरी तक्रार आडपडद्याची. वेळ वाचावा म्हणून पुढचा पेशंट आतल्या बाकावर आणून बसवतात. आईंना लघवीचा त्रास होता, पण परका पुरुष शेजारी बसलेला म्हणून दोन महिने त्या बोलल्याच नाहीत. इन्फेक्शन वाढून ताप आला तेव्हा कळलं. सांगितल्यावर पडदा लावलाय. पडद्यातून आवाज जातोच, त्यामुळं मी अजूनही बाकावरच्या माणसाला बाहेर थांबायची विनंती करते. मॅडमना ते खटकत नाही, मामांना खटकतं.

नंबर फोनवर लागतो, पण दिलेल्या वेळेला कधी आत गेलो नाही. सोमवारी दीड-दोन तास धरूनच चाला. वीस मिनिटं आपल्याला मिळतात तशी दुसऱ्यालाही मिळतात, हे समजतं, पण गुडघे दुखणाऱ्या बाईला त्या लोखंडी बाकावर बसवत नाही. आम्ही बुधवारी दुपारचा नंबर घेतो, तेव्हा गर्दी कमी असते.

ज्यांना एका इंजेक्शनात उभं राहायचंय, त्यांना हा दवाखाना आवडणार नाही, आमच्या दिरांना नाही आवडला. ज्यांच्या घरात तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या चालू आहेत, त्यांनी मात्र आज रात्रीच सगळी पाकिटं उलटी करून मागची नावं वाचा.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. मे महिन्यात दोघं एकदमच दहा दिवस गावाला जातात आणि दाराला नुसती पाटी असते, बदली डॉक्टर नाही. गेल्या मेमध्ये आम्ही नवीनच होतो, निभावलं. यंदा मी फेब्रुवारीतच विचारून ठेवलंय. मॅडम म्हणाल्या, या वेळी आळीपाळीनं जाऊ. आईंची पुढची तपासणी ६ मेच्या आठवड्यात आहे, तेव्हा कळेलच.