गेम झोनचं यंत्र: बेतून मागवायचं की आणून बेतायचं?

निपाणी, संकेश्वर, गोकाककडून गेम झोन काढायचा म्हणून जे फोन येतात ते बहुतेक किमतीसाठी येतात. किंमत मी सांगत नाही, कारण डॉलर, जहाजाचं भाडं आणि एजंटाची त्या दिवसाची तब्येत यांवर ती दर खेपेला बदलते. मी उलटा प्रश्न विचारतो: जागा कुठली घेतलीय? आपल्याकडे गेम झोनसाठीच बांधलेली जागा कुणाकडेच नसते. कुणाकडे मंगल कार्यालयाचा वरचा मजला असतो, कुणाकडे बंद पडलेलं थिएटर, निपाणीत तंबाखूची वखार, नाहीतर कॉम्प्लेक्समधले न खपलेले गाळे. यंत्र मात्र ग्वांगझूच्या पान्यू भागात, मॉलचं उंच छत आणि सपाट फरशी डोळ्यांसमोर ठेवून बनलेलं असतं. या दोघांचं जमवायचं कुणी, तिकडच्या कारखान्याने की इकडच्या फॅब्रिकेटरने, म्हणजे पत्र्या-लोखंडाचं काम करणाऱ्याने?

माझ्याकडे दोन्ही प्रकारची यंत्रं चालू आहेत. काही मापं, रंग, भाषा, नाणं सगळं आधी कळवून कारखान्यातच तशी बनवून घेतलेली. काही कॅटलॉगात होती तशीच आणून इथे बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, फेरफार केलेली. जपानची जुनी यंत्रं हा तिसरा रस्ता लोक सुचवतात, पण मी त्या वाटेला गेलो नाही. तिथली घरगुती वीज १०० व्होल्टची, म्हणजे प्रत्येक यंत्रामागे एक ट्रान्सफॉर्मर आला, शिवाय जुन्या मालाच्या आयातीचं परवानगीचं लचांड वेगळंच. चिनी यंत्राला तो त्रास नाही. तिकडे २२० व्होल्ट, आपल्याकडे २३०, आणि दोन्हीकडे ५० हर्ट्झच. फक्त आतल्या पॉवर सप्लायवर ११०-२२० चा छोटा लाल स्विच असेल तर तो पहिल्यांदा बघा, मग प्लग लावा.

आधी कारखान्याच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू दिसायला भारी आहे. रंग एकसारखा, अ‍ॅक्रिलिकच्या कडा गुळगुळीत, दिव्यांची पट्टी नेमकी खाचेत बसलेली. साच्यातून काढलेला प्लास्टिकचा किंवा फायबरचा भाग आपल्याकडे तसा होत नाही, निदान एका-दोन नगांसाठी तरी कुणी साचा करून देणार नाही. समुद्राचा देखावा हवा असला तर दहाही यंत्रं एकाच निळ्या रंगात येतील. आपल्याकडे दोन वेळा रंग मिसळला की दोन निळे होतात. मॉलमध्ये मोठी जागा असेल, पंचवीस-तीस यंत्रं एकदम लावायची असतील, पगारावर स्वतःचा तंत्रज्ञ असेल, तर मी कुणाला कारखान्याकडे जाऊ नका म्हणणार नाही.

देवनागरीचं मात्र तिकडे हमखास वाटोळं होतं. मजकूर टाइप करून पाठवला तर त्यांच्या संगणकावर वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. अक्षरांची चित्रं करून, म्हणजे डिझायनरकडून आउटलाइन करून फाइल पाठवली तर नीट येतं. कन्नडलाही तोच नियम. पण स्टिकर इथेच छापून घेतले तर हा प्रश्नच येत नाही. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही एका पट्टीवर बसतात, आणि खेळाचे नियम बदलले की पट्टी बदलता येते. रस्त्यावरून दिसणाऱ्या पाटीचा विषय वेगळा आहे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात नामफलकावर ६० टक्के कन्नड लागतं. आपल्या बेळगावात पाटी हा काय विषय आहे हे मी सांगायला नको. म्हणून झोनचं नाव यंत्राच्या कपाळावर कारखान्यातून छापून आणण्यापेक्षा दर्शनी पाटी स्वतंत्र ठेवलेली बरी.

आता मापं. बास्केटबॉलचं यंत्र साधारण अडीच मीटर उंच असतं आणि आपल्या तुळया नेमक्या तिथेच आडव्या येतात. कारखान्याला कळवलं तर ते उंची कमी करून देतात, पण त्यासाठी जाळीचा कोन बदलतात, मागची फळी बदलतात, वायरही दुसऱ्या वाटेने फिरवतात. इथे उद्यमबागेत एका फॅब्रिकेटरला मी नेहमीचं यंत्र दाखवलं, तर तो म्हणाला, "मालक, वरचं डोकं सुटंच आलंय की ओ ह्याचं. चार बोल्ट हायत. आमी बुटकं करून देतो." त्यात नवल काही नाही. साध्या कंटेनरच्या दाराची उंची २.२८ मीटरच्या आसपास असते, त्यामुळे उंच यंत्र मुळातच दोन-तीन तुकड्यांत प्रवास करतं. जिथे तुकडा जोडला जातो तिथेच फेरफाराला जागा मिळते. बेळगावात फाउंड्री, लेथ, पावडर कोटिंग, पत्रा वाकवणं सगळं एका हाकेच्या अंतरावर आहे. सैन्याचे, रेल्वेचे सुटे भाग करणाऱ्यांना आपल्या दिव्यांच्या चौकटीचं काय ओझं? ही सोय आपल्याला आहे, सगळ्या जिल्ह्यांना नाही.

पावसाचंही तेच. नेहमीच्या यंत्रांचा सांगाडा बऱ्याचदा एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीचा असतो. जून ते सप्टेंबर दारातून ओली छत्री, ओल्या चपला आत येतात, फरशी पुसली जाते, आणि एमडीएफच्या खालच्या कडा फुगून कोबीसारख्या सुटतात. खानापूरकडे जागा असेल तर हे पहिल्याच पावसाळ्यात दिसेल. कारखान्याकडून लोखंडी पत्र्याचं शरीर मागवता येतं, ते चांगलंच असतं. मी मात्र अँगलचे चार बोटं उंचीचे पाय आणि खाली रबर लावून घेतलं. देखणं नाही दिसत, पण झाडू आणि फडकं खालून फिरतं आणि कडा कोरड्या राहतात.

नाण्याबद्दल फार वेळ घालवू नका. दहाच्या नाण्याचा नमुना पाठवून त्याप्रमाणे नाणं ओळखणारा भाग बसवून घ्यायचा मोह होतो. दहाच्या नाण्याच्या इतक्या नक्षी चलनात आहेत की २०१८ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेला १४ प्रकार चालतात असं जाहीर करावं लागलं. यंत्र त्यातली काही घेतं, काही थुंकतं, आणि भांडण आपल्या काउंटरवर येतं. टोकन घ्या किंवा कार्ड. आतून बघितलं तर नाणं, टोकन, कार्ड हे सगळे मदरबोर्डला एकच विजेचा ठोका देतात. कार्डाचा रीडर इथला कुठलाही बरा इलेक्ट्रॉनिक्सवाला नाण्याच्या वायरवर जोडून देतो.

फरशीवर चित्र पडतं, मुलं त्यावर उड्या मारतात आणि मासे पळतात, त्या खेळात मात्र कारखान्याला आधी माहिती दिलेली बरी. साधा प्रोजेक्टर तीन मीटर उंचीवरून साधारण दोन मीटर रुंदीचं चित्र पाडेल, शॉर्ट थ्रो, म्हणजे जवळून मोठं चित्र पाडणारा, त्याच उंचीवरून दुप्पट किंवा त्याहूनही मोठं. हा आकडा चुकला तर मिस्त्री काही करू शकत नाही. पण बसवल्यावर पाय ओळखणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याला पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन आवडत नाही, हॅलोजनही नाही. संध्याकाळी पाचला मासे आपोआप पळायला लागले तर सॉफ्टवेअरला शिव्या न देता जाड पडदा लावा.

इथपर्यंत तराजू बऱ्यापैकी समान आहे, असं म्हणायला हरकत नाही. माझ्यासाठी तो झुकला तो एका अगदी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीने: डावाची वेळ.

सीमाभागात सुट्ट्या दोनदा येतात. इकडच्या, कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रातल्यांना दिवाळीला. कर्नाटकातली मुलं एप्रिलमध्येच मोकळी होतात आणि जून उजाडता उजाडता शाळेत जातात. चंदगड, गडहिंग्लजकडची मे महिन्यात येतात ती जूनच्या मध्यापर्यंत. मध्ये गणपती. मग जुलैचा रिकामा आठवडा, जेव्हा चार पोरं आणि धो धो पाऊस. गर्दी असली की डाव ९० सेकंदांवरून ६० वर आणावा लागतो, नाहीतर मागची रांग जिन्यात जाते. गर्दी नसली की उलट, डाव लांबवायचा, बक्षिसाची तिकिटं हात सैल करून सोडायची, म्हणजे आलेलं पोरगं पुन्हा येतं. आवाजही बदलतो. खाली कुणाचं लग्न असलं की कमी करावा लागतो.

नेहमीच्या यंत्रात नाण्याच्या पेटीचं दार उघडलं की आत दोन-तीन छोटी बटणं असतात. दाबलं की पडद्यावर मेनू येतो: वेळ, नाणी, तिकिटं, आवाज. माझ्याकडचा बारावी झालेला पोरगा ते चहा निवायच्या आत बदलतो. बेतून आणलेल्या यंत्रात तो मेनूच छाटलेला होता. मी कळवलेले आकडे त्यांनी इमानाने प्रोग्राममध्येच कोरून टाकले होते, सुरुवातीला आमचं नाव झळकत होतं, आणि उरलेल्या मेनूला कुलूप. बदल हवा तर नवी फाइल हवी, आणि ती फाइल त्या एका कारखान्यातल्या एका माणसाकडे. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. आपल्याकडे साडेसातला गर्दी शिगेला पोचते तेव्हा तिकडे रात्रीचे दहा. १ ऑक्टोबरच्या त्यांच्या राष्ट्रीय दिनापासून आठवडाभर कारखाने बंद, आणि आपली दसऱ्याची सुट्टी बऱ्याचदा त्याच सुमाराला. भर दसऱ्याच्या रांगेत मोबाइलवर उत्तर आलं ते हसरा चेहरा आणि सणाच्या शुभेच्छा. माणूस वाईट नव्हता, काम चोख होतं. कारखान्याचं नाव मी घेत नाही, कारण इतरांकडेही हीच तऱ्हा असल्याचं धंद्यातले लोक सांगतात.

शिंप्याने मायाच ठेवली नाही तर कपडा पहिल्या दिवशी अंगावर फार छान बसतो, पण उसवून सैल करता येत नाही. कारखान्यात बेतलेल्या यंत्राचं तसंच आहे. बोर्ड गेला तर मुंबईहून किंवा दिल्लीहून मिळणारा नेहमीचा बोर्ड त्यात बोलत नाही. बुटकं केलेल्या बास्केटबॉलची मागची फळी फुटली तर तिच्या मापाची फळी जगात दुसरी नाही. उद्यमबागेत फेरफार केलेल्या यंत्राचं पोट जसं होतं तसंच राहतं, बदललेलं असतं ते फक्त बाहेरचं. आणि बाहेरचं करणारा माणूस अर्ध्या तासाच्या अंतरावर असतो.

इकडच्या कामालाही खोट आहे. वेल्डिंगचे टवके दिसतात. "उद्या देतो" म्हणजे कुठला उद्या ते विचारावं लागतं. एकदा पत्रा कापायला हात लावला की उरलीसुरली वॉरंटी विसरायची, पण तिकडची वॉरंटी म्हणजे तरी काय, बोर्ड काढून पाठवा आणि वाट बघा. गंभीर गोष्ट आगीची आहे. कडा मऊ करायला इथला माणूस मिळेल तो फोम आणि रेक्झिन ठोकतो, आणि जास्तीच्या दिव्यांची वायर आतल्याच पॉवर सप्लायला जोडून मोकळा होतो. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये आग लागून जे झालं त्यानंतर मी फोम जवळजवळ बंद केला. बाहेरची चौकट पत्र्याचीच करून घेतो आणि वाढीव दिव्यांना वेगळा सप्लाय, वेगळा एमसीबी. हे मिस्त्रीवर सोडायचं काम नाही, समोर उभं राहून करून घ्यायचं. कारखान्याचा फोमही आगीला दाद देणार नाही असं समजू नका. तिथेही वेगळं विचारावंच लागतं.

तुमची जागा मोठी, एकसारखी आणि बारमाही गर्दीची असेल तर कदाचित माझा हिशेब तुम्हाला लागू होणार नाही. आपल्या तालुक्याच्या गावात, वरच्या मजल्यावर, आठ-दहा यंत्रांनी सुरुवात करणार असाल तर मी नेहमीची यंत्रं मागवीन. कारखान्याला तीनच गोष्टी कळवीन: पडद्यावर इंग्रजी, प्रोजेक्टरसाठी छताची उंची, आणि मेनूला हात लावू नका. ही तिसरी लेखी घ्या.

वेळेचं गणित असं. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी पडतं आणि त्याच्या आगेमागे तिकडे काही आठवडे कुणी फोन उचलत नाही. त्यामुळे दिवाळी संपताच ऑर्डर द्या, म्हणजे माल त्याआधी जहाजावर चढतो. न्हावा शेवाहून ट्रक आला की फेब्रुवारी-मार्च फॅब्रिकेटरला मिळतात आणि एप्रिलच्या सुट्टीला दार उघडता येतं. फॅब्रिकेटरला मापं देताना हॉलची नंतर द्या, आधी जिन्याच्या वळणाची द्या.