शिडाच्या बोटीवरचं कापडी छत: 5 महिन्यांच्या वापरानंतर

आम्ही चौघं मित्रमैत्रिणी 10 मीटरच्या शिडाच्या बोटीतून भर उन्हाळ्यात या बेटावरून त्या बेटावर फिरलो. निघताना सगळ्यांचा जीव फ्रिजमध्ये अडकला होता आणि छत घ्यायचं म्हणून घेतलं. आज कोणी विचारलं तर मी सांगेन, फ्रिजशिवाय निभेल, पण छताशिवाय उन्हाळ्यात निघू नका.

आमचं छत म्हणजे पांढरट ॲक्रिलिक कॅनव्हास. बूमवरून, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्यावरून टाकायचं आणि दोन्ही बाजूंच्या दोऱ्या कठड्याला ताणून बांधायच्या. सवय झाल्यावर दोघांना 10 मिनिटं पुरतात.

पहिली अडचण अशी की हे छत नांगर टाकल्यावरच कामाचं. शीड वर असताना बूम इकडून तिकडे फिरतो, तेव्हा त्याच्यावर काही बांधता येत नाही. आणि खरं ऊन लागतं ते वारा पाठीशी असताना. मागून 10 नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी साधारण 1.85 किलोमीटर) वारा आणि बोटीचा वेग 5, म्हणजे अंगाला लागतो तो फक्त 5 नॉटचा. अशाच एका दुपारी सुकाणूवर बसलेल्या मैत्रिणीला ऊन लागलं. डोकं दुखतंय म्हणाली, मग मळमळ, मग उभंच राहवेना. जवळच्या आडोशाला नांगर टाकला, आधी छत बांधलं, तिला खाली झोपवून मानेवर आणि काखेत ओले पंचे ठेवले, ओआरएस घोट घोट पाजलं. तासाभराने ती नीट बोलायला लागली तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला. तेव्हापासून पाठवाऱ्याचा टप्पा आम्ही पहाटेच उरकतो आणि सुकाणूवर कोणालाही अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू देत नाही.

नांगरावर मात्र छताने कमाल केली. दुपारी 2 वाजता केबिनमधला तापमापक आधी 41 दाखवायचा, छत बांधल्यावर 34 ते 35. पायाला चटके देणाऱ्या डेकवर अनवाणी बसता यायला लागलं. फ्रिजलाही आराम मिळाला. 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर चालू असताना 4 ते 5 ॲम्पिअर खातो आणि केबिन तापली की तो बंदच होत नाही. पूर्वी पहाटेपर्यंत बॅटरी मान टाकायची, आता तसं होत नाही.

शिवाय नांगरावरची बोट आपोआप वाऱ्याकडे तोंड करते. म्हणून पुढच्या हॅचवर, म्हणजे डेकमधल्या झडपेवर, कापडाची वारा पकडणारी झोळी लावली की सगळा वारा केबिनमध्ये उतरतो. दिवसा खारे वारे असतात तोवर मजा. रात्री ते पडले आणि मतलई वारे सुटायला उशीर झाला, तर डेकवर, आभाळाखालीच झोपायचं.

आता तक्रारी. चारनंतर ऊन छताखालून तिरपं येतं आणि पाण्यावरून परतलेला प्रकाश खालून डोळ्यांत घुसतो. बाजूचे पडदे सोबत येत नाहीत, ते आम्ही जुन्या चादरींचे केले. दुसरं, चौथ्या महिन्यात शिवण उसवली. कापड नव्यासारखं होतं, पण पॉलिएस्टरचा दोरा उन्हाने कुजला होता. बोटाने ओढला तर भुग्यासारखा तुटला. सगळ्या शिवणी मी पीटीएफईच्या (म्हणजे टेफ्लॉनच्या) दोऱ्याने पुन्हा घातल्या, त्याला ऊन बाधत नाही. विकणाऱ्यांनी हा दोरा पहिल्यापासूनच वापरायला हवा होता, याचा मला अजून राग आहे.

वाऱ्याचंही सांगतो. 15 नॉट, म्हणजे ताशी 28 किलोमीटरच्या आसपास वारा गेला की आम्ही छत उतरवतो. एकदा रात्री आळस केला. अचानक वावटळ आली, छत शिडासारखं फुगलं आणि बोट नांगरावर गरागरा फिरायला लागली. अंधारात चौघांनी मिळून गाठी सोडल्या. तेव्हापासून सगळ्या गाठी एका ओढीत सुटणाऱ्याच बांधतो, आणि झोपण्याआधी छत गुंडाळून ठेवतो.

पुढच्या उन्हाळ्यालाही हेच छत नेणार. पडदे तेवढे जाळीच्या कापडाचे शिवायला घेतले आहेत, म्हणजे ऊन अडेल आणि वारा येत राहील.