वाणिज्य शाखेतील अर्थशास्त्र मायनर : तीन वर्षांनंतरचा अभिप्राय

२०२३ साली पुण्यातील एका स्वायत्त महाविद्यालयात मी बी.कॉम.ला प्रवेश घेतला, तेव्हा नव्या शैक्षणिक धोरणानुसार मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (दुय्यम विषय) निवडणारी तिथली आमचीच पहिली तुकडी होती. लेखाशास्त्र हे मेजर आणि अर्थशास्त्र हे मायनर अशी निवड मी केली, आणि तीन वर्षांनंतरही ती मला योग्यच वाटते. मात्र प्रवेशाच्या वेळी ज्या गोष्टी कोणी समजावून सांगितल्या नाहीत, त्या पुढच्या विद्यार्थ्यांना आधी कळाव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक (क्रेडिट) असून त्यांतील ६० मेजरला आणि २४ मायनरला दिलेले आहेत. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे पंधरा तास, त्यामुळे २४ श्रेयांकांचे वर्गातले ३६० तास होतात. राज्य आणि महाविद्यालय यांनुसार हा वाटा कमी-अधिक होतो, म्हणून आपल्या महाविद्यालयाचा तक्ता स्वतः पाहणे आवश्यक आहे.

आमच्या मायनरमधील पहिल्या पेपरने माझी निराशा केली. मागणीचा नियम, लवचिकता, खर्चाचे वक्र हे सगळे वाणिज्य शाखेच्या व्यावसायिक अर्थशास्त्रात होतेच. तेच पुन्हा, जवळपास त्याच आकृत्यांसह, शिकवले गेले. ते तास संख्याशास्त्राला मिळाले असते, तर फार बरे झाले असते.

पुढच्या सत्रातील प्रकल्पाने मात्र ही उणीव बरीच भरून काढली. प्राध्यापिकांनी आम्हाला महिनाभर टोमॅटोचे दोन भाव रोज टिपायला लावले : गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील दहा किलोचा घाऊक भाव आणि आपल्या गल्लीतील पाव किलोचा किरकोळ भाव. आवक वाढून घाऊक भाव उतरला, तरी आमच्या कोपऱ्यावरचा भाव चार-पाच दिवस हलत नसे. मी विचारले, तेव्हा भाजीवाल्या मावशींनी क्रेट उलटा करून तळाचे फुटलेले टोमॅटो दाखवले आणि म्हणाल्या, “ताई, हे मी फेकते, त्याचे पैसे कोण देणार?” नासाडी, वाहतूक आणि दुसऱ्या दिवशीच्या भावाची अनिश्चितता या तिन्ही गोष्टी त्या एका वाक्यात होत्या. नंतर एक्सेलमध्ये दोन्ही भावांची सांगड घालताना एका दिवसाऐवजी चार दिवसांपूर्वीचा घाऊक भाव घेतला, तेव्हा संबंध स्पष्ट दिसू लागला, आणि मेजरमध्ये शिकलेल्या साठ्याच्या मूल्यांकनाकडेही मी वेगळ्या नजरेने पाहू लागले.

चलनविषयक धोरणाचा भागही उत्तम होता. रिझर्व्ह बँकेच्या सहा सदस्यांच्या समितीसमोर चार टक्के महागाईचे, दोन टक्के वर-खाली मुभा असलेले उद्दिष्ट असते, आणि रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, बदलला की कर्जाचा हप्ता का बदलतो, हे आम्ही एका गृहकर्जाच्या तक्त्यावर प्रत्यक्ष मांडून पाहिले.

खरी अडचण गणिताची आहे. बँका, वित्तसंस्था किंवा एम.बी.ए. हे उद्दिष्ट असेल, तर हे मायनर पुरेसे आहे. अर्थशास्त्रातच पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असेल, तर कलनशास्त्र, मॅट्रिक्स आणि संभाव्यता यांची तयारी लागते आणि आमच्या मायनरमध्ये तिला जवळजवळ जागाच नव्हती. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेलाही अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते, त्यामुळे केवळ मायनरच्या जोरावर तिथे पोहोचता येत नाही. ज्यांना ही वाट धरायची आहे, त्यांनी अर्थशास्त्र मेजर म्हणूनच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळापत्रक सोयीचे नव्हते, मायनरचे तास बहुधा दुपारी उशिरा येत. पण ग्रंथालय आणि शिक्षकांची उपलब्धता यांबाबत तक्रार नाही. प्रवेश घेताना विषयांची नुसती नावे पाहू नयेत. सहाही सत्रांचा अभ्यासक्रम मागून घ्यावा, मेजरमधील अर्थशास्त्राच्या पेपरशी तो ताडून पाहावा आणि गणित व संख्याशास्त्राला किती तास दिले आहेत, ते मोजूनच अर्जावर सही करावी.