तीन महिने आईजवळ वाढलेल्या पाटी: एका शेळीपालन केंद्राचा अनुभव

तुळजापूरजवळच्या एका शेळीपालन केंद्रातून आम्ही जूनमध्ये उस्मानाबादी जातीच्या चार पाटी (शेळीची मादी करडे) विकत घेतल्या. करडू तीन महिन्यांचे झाल्याशिवाय विकायचे नाही, हा तेथील नियम. त्यासाठी महिनाभर थांबावे लागले आणि किलोमागे भावही बाजारापेक्षा थोडा अधिक पडला, तरी ते पैसे सत्कारणी लागले असे मी मनापासून म्हणेन.

मागच्या वर्षी आठवडी बाजारातून घेतलेली आमची दोन करडे जेमतेम दीड महिन्याची होती. ‘चारा खातात’ असे विकणाऱ्याने सांगितले, आणि ती शेवरीचा पाला तोंडात धरत होती हेही खरे. पण करडू दोन-तीन आठवड्यांतच पाला चघळू लागले, तरी रवंथ करणारे पोट चाऱ्यावर पोसण्याइतके तयार व्हायला आणखी बरेच आठवडे लागतात आणि तोवर सगळी भिस्त आईच्या दुधावर असते, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. दोघांनाही हगवण लागली आणि एक नवव्या दिवशी गेले. त्याची आठवण अजूनही बोचते.

या केंद्रात आम्ही मुद्दाम सायंकाळी, शेळ्या चरून परतण्याच्या वेळी गेलो. डालग्याखालची करडे सुटताच धावली. प्रत्येक शेळी शेपटीकडून वास घेऊन आपलेच करडू ओळखत होती आणि दुसऱ्याचे आल्यास डोक्याने बाजूला सारत होती. देखभाल करणाऱ्या मावशींनी सांगितले, की जन्मल्यावर तासाभरात चीक पाजतात आणि जुळ्यांपैकी अशक्त करडाला आधी कासेला लावतात. दूध तोडतानाही घाई नसते: आधी रात्री वेगळे ठेवायचे, मग सकाळ-संध्याकाळच पाजायचे, पुढे एकवेळ, आणि मग बंद. यामुळे शेळीची कास दाटत नाही, करडूही वाळत नाही. आमच्या चारही पाटींनी घरी आल्याच दिवशी गव्हाणीतले हरभऱ्याचे भुसकट खाल्ले. रात्री थोडे ओरडल्या, इतकेच.

उणीव एकच, पण मोठी आहे. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस टोचल्याचे तोंडी सांगितले गेले, तारीख कागदावर मिळाली नाही. ती फोन करून विचारावी लागली. कानातील बिल्ल्याच्या क्रमांकासह लस आणि जंताचे औषध यांची नोंद प्रत्येक करडासोबत लेखी द्यावी, अशी केंद्राला विनंती आहे.